पिसदुऱ्याची वावरं वारसा स्थळ म्हणून जाहीर करा : जैवविविधता मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

प्रत : पिसदुरा आणि डोंगरगावचे सरपंच, ग्रामसभा आणि तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, त्यामुळे आधी तीच सांगतो आणि मग कारणं. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावं आहेत, तिथल्या शिवारात डायनासोरच्या काळातला लमेटा नावाचा थर जमिनीवर उघडा पडलेला आहे, आणि हा उघडा भाग जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर व्हावा यासाठी मंडळाने स्वतःहून हालचाल सुरू करावी. शेती बंद न करता, कुणाची जमीन न घेता, गावाला सोबत घेऊन.

हे वाचून तुमच्याकडे कुणीतरी म्हणेलच की हाडं आणि दगड जैवविविधतेत कसे बसतात, हे जीएसआयचं म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचं काम आहे नाहीतर पुरातत्ववाल्यांचं. तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने वारसा स्थळांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्यात त्या काढून बघा. कोणती जागा वारसा स्थळ होऊ शकते हे सांगताना त्यात दुर्मीळ प्रजाती, लागवडीच्या पिकांचे रानटी पूर्वज, उत्क्रांतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रजाती हे सगळं आहेच, आणि त्याच यादीत जीवाश्मांचे थर पण आहेत, म्हणजे पूर्वी इथे कुठले जीव नांदत होते त्याची साक्ष जिथे दगडात शिल्लक आहे ती जागा. म्हणजे पिसदुरा तुमच्या कक्षेत ओढूनताणून आणायचं काम नाही, ते आहेच त्यात. आणि पुरातत्वाचा सगळा भर माणसाने केलेल्या गोष्टींवर, इथे तर माणूस यायला अजून साडेसहा कोटी वर्षं होती.

आता ही जागा म्हणजे नेमकं काय आहे ते सांगतो, कारण मंडळावर बरेच जण वनस्पतीवाले, वनखात्यातले असतील आणि पिसदुरा हे नाव त्यांनी कदाचित फक्त एखाद्या पेपरात वाचलं असेल.

पहिले दोन-चार जोरदार पाऊस पडून गेले की त्या वावरांत जाऊन बघा. माती लालसर, मधेच हिरवट राखाडी पट्टे, चिकट इतकी की दहा पावलांत बुटाला किलोभर लागते. पावसाने वरची माती धुपते आणि खालचे गोटे उघडे पडतात. बहुतेक गोटे साधे चुन्याचे पांढुरके, पण त्यातच एखादा उचलून बघितला तर हाताला वेगळाच जड लागतो, बाहेरून मळकट तपकिरी, आणि जिथे फुटलाय तिथे आत बारीक बारीक छिद्रांची जाळी. ही जाळी म्हणजे हाडाचा आतला भाग. त्या छिद्रांत कधीकाळी मज्जा होती, आता खनिजं भरलीत. भूशास्त्राची पोरं असा तुकडा जिभेला लावून बघतात, हाड असेल तर जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. तो तुकडा एका टायटॅनोसॉरचा असतो, म्हणजे लांब मानेचा, झाडपाला खाणारा प्रचंड डायनासोर, आणि तो पडलेला असतो पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या दोन ओळींच्या मधे, उघड्यावर, बाजूला डवऱ्याची खूण.

पण पिसदुऱ्याचं खरं वेगळेपण हाडांत नाहीये. हाडं जबलपूरला सापडतात, गुजरातेत सापडतात, धारला तर अंडीच अंडी आहेत. पिसदुरा जगात ओळखलं जातं ते कोप्रोलाइटमुळे, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेमुळे. काही मुठीपेक्षा मोठे गोळे, काही बोटाएवढे, काहींवर आतड्याच्या वळ्या पण दिसतात. चार्ल्स मॅटली नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९३९ मधे फक्त इथल्या कोप्रोलाइटवर एक निबंध लिहिला आणि त्यांचे आकारावरून प्रकार पाडले. सगळ्यात मोठा प्रकार बहुधा टायटॅनोसॉरचा असं पुढच्या अभ्यासकांनी धरलं, कारण त्याच थरात हाडं त्यांचीच जास्त.

आणि मग २००५ मधे जे झालं ते मला वाटतं विदर्भातल्या प्रत्येक शाळेत सांगायला पाहिजे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत अशोक साहनी, हबीब अलीमोहम्मदियन आणि तेव्हा स्वीडनमधे काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग यांनी पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटचा बारीक चुरा करून तो मायक्रोस्कोपखाली बघितला. ते शोधत होते फायटोलिथ. वनस्पती जमिनीतून पाण्यासोबत सिलिका घेतात आणि पेशींमधे तिचे अतिशय बारीक खडे तयार करतात, त्यांना फायटोलिथ म्हणतात. गवतात ते भरपूर असतात, धानाच्या पात्याने हात चिरतो तो त्या सिलिकामुळेच, मूल-नागभीडकडे धान कापायला जाणाऱ्या बायांच्या हातावर त्याच्या खुणा असतात. पान कुजतं, जनावराच्या पोटातून जातं, पण हे खडे तसेच राहतात, आणि कुठल्या कुळातल्या गवताचा खडा आहे हे त्याच्या आकारावरून कळतं. तर त्या चुऱ्यात ताडाचे, सूचिपर्णी झाडांचे, इतर झाडांचे अवशेष निघाले आणि त्यासोबत गवताचे निघाले, तेही एक नाही तर कमीत कमी पाच वेगवेगळ्या प्रकारांचे.

तोपर्यंत सगळीकडे असंच मानलं जायचं की डायनासोर संपल्यावर बऱ्याच काळाने गवतं पसरली, त्यांचा पक्का पुरावा डायनासोरनंतरचाच होता. पिसदुऱ्याच्या त्या गोळ्यांनी सांगितलं की नाही, डायनासोर होते तेव्हाच गवत होतं, आणि एकाच नाही तर वेगवेगळ्या शाखांमधे वाटलं गेलेलं होतं, आणि इतके मोठे प्राणी ते थोडंफार खात पण होते. 'सायन्स' या शोधपत्रिकेत हे छापून आलं. पुढे २०११ मधे त्याच गटाने अजून काम केलं आणि दाखवलं की या खड्यांमधे भाताच्या कुळातलं गवत आहे, म्हणजे भाताचं कूळ इतर गवतांपासून वेगळं निघालं ते डायनासोर असतानाच. ते आपल्या धानाचे थेट पूर्वज होते असं मी म्हणत नाहीये, तसं कुणी म्हटलेलंही नाही, पण कूळ तेच. ज्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग धानावर जगतो त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, कापूस-सोयाबीनच्या वावरात, भाताच्या कुळाचा इतका जुना पुरावा मिळालाय. उत्क्रांतीच्या दृष्टीने महत्त्वाची जागा अजून काय असते मला सांगा.

आणि हे सगळं एका दगडाच्या गोळ्यात होतं जो वखराच्या पासेला लागला तर माणूस उचलून धुऱ्यावर म्हणजे बांधावर फेकतो. यात शेतकऱ्याची काही चूक नाही, त्याला कुणी कधी सांगितलंच नाही तर त्याने काय करावं.

लमेटा म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं कारण त्याशिवाय धोका कळणार नाही. नाव पडलं ते जबलपूरजवळ नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. डायनासोर युगाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, साधारण सात ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मध्य भारतात नद्या, उथळ तळी, दलदल आणि मधे मधे कोरडी पडणारी मैदानं होती, तिथे साचलेली माती, वाळू, चुना म्हणजे हा थर. जबलपूरपासून गुजरातेतल्या बालासिनोरपर्यंत आणि इकडे नागपूर-चंद्रपूरपर्यंत तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो. त्याच सुमारास ज्वालामुखीचे लाव्हा यायला लागले आणि त्यांनी हे सगळं झाकून टाकलं, तोच आपला काळा कातळ, दख्खनचा. सह्याद्रीत हा कातळ दीड किलोमीटरच्या वर जाड आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकला कुणी कितीही खोदलं तरी हा थर हाताला लागणार नाही. वरोऱ्याकडे आपण त्या लाव्हाच्या कडेला येतो, वरचा कातळ झिजून गेलाय आणि खालचा लमेटा डोकं वर काढून बसलाय. नांद-डोंगरगाव खोरं म्हणतात अभ्यासक याला. महाराष्ट्रात डायनासोरच्या शेवटच्या दिवसांची जमीन पायाखाली हवी असेल तर ती या पट्ट्यात.

आणि हा थर जाड नाहीये. बऱ्याच ठिकाणी जेमतेम काही मीटर. त्यातही ज्या एका-दोन पट्ट्यांत हाडं आणि कोप्रोलाइट दाटीने आहेत ते तर अजून पातळ. भरावासाठी माती काढायची म्हणून किंवा उंच-सखल वावर लेव्हल करायचं म्हणून जेसीबी दोन दिवस चालला तर त्या वावरापुरता हा थर संपतो, कायमचा. जंगल तोडलं तर पन्नास वर्षांत काहीतरी परत उगवतं, हे उगवत नाही.

नांगराने हाडं फुटतात हे खरं आहे पण नांगर एक वीतभर खाली जातो आणि तो दीडशे वर्षांपासून चालूच आहे, माझी काळजी त्याची नाही. माझी काळजी खोल खोदाईची आहे, शेततळी, विहिरी, नवीन रस्त्याची भरणी, लेआउट. नागपूर-चंद्रपूर हायवे जवळून जातो आणि हायवेच्या दोन्ही बाजूंना जमिनीचा वापर बदलत चाललाय हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतं. यातलं कुठलंही काम करणाऱ्याला आज पिसदुऱ्याच्या मातीबद्दल कुणाची परवानगी घ्यायची, कुणाला कळवायचं हे माहीत नसतं.

दुसरी काळजी उचलून नेण्याची. जो येतो तो दोन-चार तुकडे पिशवीत टाकतो, कुणी कौतुकाने, कुणी कलेक्शन म्हणून, कुणी विकायला. जीवाश्माची खरी किंमत तो कुठे पडला होता, कुठल्या थरात होता, त्याच्या बाजूला काय होतं यात असते. जागेची नोंद नसलेलं हाड शोकेसमधे शोभतं, त्यातून अभ्यासाला काही मिळत नाही. २००५ चं ते काम होऊ शकलं कारण कोप्रोलाइट नेमके कुठल्या थरातले हे माहीत होतं. उद्या यापेक्षा भारी तंत्र येईल, त्या गोळ्यांत अजून काय काय सापडेल, पण तोपर्यंत जागेवर गोळे राहिले पाहिजेत ना.

आपल्या पट्ट्यातल्या वस्तू बाहेर जाण्याचा इतिहास मोठा आहे. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, ते मिशनरी होते पण भूशास्त्राचे पक्के वेडे, त्यांनी एकोणिसाव्या शतकात पिसदुऱ्याहून हाडं आणि कोप्रोलाइट गोळा केले. १८६३ मधे टाकळघाटहून परत येताना नदीच्या पुरात ते वाहून गेले, त्यांचं काम मागे राहिलं. त्या काळात सगळं लंडनला नाहीतर कलकत्त्याला जायचं. १८७९ मधे रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी असं नाव दिलं. डोंगरगावच्या त्या जुन्या काळच्या तळ्याच्या मातीत सापडलेल्या माशांचं वर्णन १९०८ मधे वुडवर्ड यांनी केलं, त्यातल्या एकाला हिस्लॉप यांचं नाव आहे.

मग डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी खोदकाम केलं आणि एका टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा एकत्र मिळाला, भारतातल्या टायटॅनोसॉरांमधे इतका पूर्ण सांगाडा दुसरा नाही. मान त्याच्या भाईबंदांच्या मानाने आखूड, पुढचे पाय लांब, एकूण ठेवणच वेगळी. १९९७ मधे जैन आणि बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन छापलं आणि २००३ मधे त्याला वेगळं नाव मिळालं, आयसीसॉरस कोलबर्टी. त्यातलं आय-एस-आय म्हणजे ती इन्स्टिट्यूट. त्या लोकांनी उन्हातान्हात घाम गाळून ते काढलं, जपलं, नाव त्यांचं असणं अगदी रास्त आहे. फक्त वरोऱ्याच्या पोराला आपल्या तालुक्याचा डायनासोर बघायचा असेल तर हावड्याचं तिकीट काढावं लागतं, हे मनाला लागतं.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत पिसदुरा गावाचं नाव गेलं ते दोन वेगळ्याच प्राण्यांमुळे. सोहनलाल जैन यांनी १९७७ मधे इथल्या एका कासवाला पिसदुरेन्सिस नाव दिलं, त्याचा वंश नंतर बदलून २०२० मधे जैनेमिस झाला, म्हणजे आता त्या कासवाच्या नावात जैनसाहेब पण आहेत आणि पिसदुरा पण. आणि २०११ मधे धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका मोठ्या सापाला मॅडसोइया पिसदुरेन्सिस नाव दिलं. या सापाचे भाऊबंद मादागास्करमधे सापडतात. भारत तेव्हा मादागास्करपासून तुटून समुद्रातून एकटाच उत्तरेकडे सरकत होता, तेव्हा हे साप, ही कासवं, हे डायनासोर इथे कसे आले, कुठल्या वाटेने आले, की तुटण्याआधीपासूनच इथे होते, यावर जगभर वाद चालतात आणि त्या वादात पिसदुऱ्याचं नाव पुरावा म्हणून घेतलं जातं. गावातल्या ग्रामपंचायतीत मात्र यातल्या एकाही प्राण्याचं चित्र लावलेलं नाही.

जबलपूरची एक गोष्ट इथे सांगतो. तिथे १८२८ मधे कॅप्टन स्लीमन यांना काही मोठी हाडं मिळाली, हाच तो ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन. डायनासोर हा शब्द पण तेव्हा तयार झाला नव्हता, तो १८४२ मधे आला. ती हाडं हातोहात कलकत्त्याला पोहोचली, १८७७ मधे लायडेकर यांनी त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस नाव दिलं, भारतातून नाव मिळालेला पहिला डायनासोर तो. आणि मग ते मणके हरवले. कित्येक वर्षं कुणालाच माहीत नव्हतं कुठे आहेत. २०१२ मधे मोहबे आणि सेन यांनी कोलकात्यात जीएसआयच्या साठ्यात ते शोधून काढले. देशातला पहिला डायनासोर, आणि तोही असा दशकानुदशकं बेपत्ता. जिथे सापडलं तिथल्या माणसांकडे त्याची नोंद असेल, फोटो असेल, साचा असेल, तर वस्तू कुठेही गेली तरी धागा तुटत नाही. म्हणून मी पुढे नोंदवहीबद्दल बोलणार आहे.

कायद्याचं म्हणाल तर जीवाश्मांसाठी वेगळा कायदा व्हावा म्हणून केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मधे भू-वारसा स्थळांच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्यावर अभ्यासकांनी हरकती पण घेतल्या की सगळे अधिकार एकाच संस्थेकडे जातात, विद्यापीठांचं, गावाचं काय. हरकती योग्यच होत्या. पण दिल्लीत मसुदा पुढे सरकेपर्यंत पिसदुऱ्याने थांबावं असं काही नाही, कारण कलम ३७ राज्याच्या हातात आहे आणि ते वीस वर्षांपेक्षा जास्त काळ पुस्तकात आहे.

आणि मला हे कलम आवडतं त्याचं कारण सांगतो. त्यात लिहिलंय की राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून स्थळ अधिसूचित करायचं, म्हणजे गावाला विचारल्याशिवाय नाही. आणि त्याच कलमात पुढे असं आहे की अशा अधिसूचनेमुळे कुणाचं आर्थिक नुकसान होत असेल तर त्याच्या भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजना राज्याने करायची. हे दुसरं वाक्य तुम्ही गावात जाऊन मोठ्याने वाचून दाखवा. कारण आमच्या जिल्ह्यात सरकारी गाडी शिवारात उभी राहिली आणि कुणी टेप काढला की पहिली गोष्ट मनात येते, जमीन जाणार. कोळशासाठी गेल्या, धरणांसाठी गेल्या, गावंच्या गावं उठली. अशा लोकांना वारसा स्थळ हा शब्द ऐकून आनंद होईल असं समजू नका, ते आधी सातबारा घट्ट धरतील, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून अधिसूचनेत पहिल्याच ओळीत स्पष्ट असावं की मालकी जशीच्या तशी, पेरणी, वखरणी, डवरणी जशीच्या तशी, पीक कर्ज, विमा, वाटणी, खरेदी-विक्री कशालाच अडथळा नाही. बंधन फक्त एका गोष्टीवर, ठराविक खोलीच्या खाली यंत्राने खोदायचं असेल तर आधी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवायचं, आणि समितीने ठराविक दिवसांत माणूस पाठवून पाहणी करून मोकळं करायचं. दिवस ठरवून द्या, नाहीतर विहीर खोदायला निघालेल्या माणसाचा आख्खा उन्हाळा परवानगीच्या कागदात जाईल आणि त्याचा त्या हाडांवरच राग निघेल. त्या दिवसांत कुणी आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरावं. आणि खोदाईत काही महत्त्वाचं निघालं, काम थांबवावं लागलं, तर त्या थांबण्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. वावरात सापडलेली वस्तू जपून ठेवली, जागा दाखवली, तर त्याचं मानधन पण. जोवर हाड दाखवण्यात तोटा आणि फेकून देण्यात फायदा आहे तोवर कुठलाही बोर्ड लावून उपयोग नाही.

जागा लहान आहे म्हणून घाबरू नका. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्या माशासाठी २०२१ मधे दोन-सव्वादोन हेक्टर जागा वारसा स्थळ झाली, आणि सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत आलापल्लीचं जुनं जंगल २०१४ मधे जाहीर झालं. सिरोंच्याकडे वडधमला जीवाश्म उद्यान आहे, ते थर याहून बरेच जुने. म्हणजे वाट पडलेली आहे, तुम्हीच पाडलेली आहे. पिसदुऱ्यालाही सगळा शिवार नको, हाडं आणि कोप्रोलाइट दाटीने असलेले नेमके पट्टे नकाशावर घ्या, बाकी सोडून द्या.

तो नकाशा करायला माणसं लांबून आणायची गरज नाही. नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातून या खोऱ्यावर काम झालेलं आहे, जीएसआयचं मध्य विभागाचं मोठं ऑफिस नागपुरातच, आणि तुम्ही पण नागपुरात. तिघांची ऑफिसं एकाच शहरात आणि जागा शंभरेक किलोमीटरवर. एका उन्हाळ्यात प्राथमिक नकाशा होऊ शकतो, सातबाऱ्याच्या गट नंबरसकट, म्हणजे कुठल्या गटात काय आहे हे तलाठ्यालाही कळेल.

लोकजैवविविधता नोंदवही प्रत्येक गावाची असते. त्यात झाडं, पक्षी, औषधी वनस्पती, देशी बियाणं यांची पानं असतात. पिसदुऱ्याच्या वहीत जीवाश्मांचं पान घाला. कुठल्या वावरात, कुठल्या धुऱ्याजवळ, कधी, काय दिसलं, कुणी दाखवलं, फोटो, आणि कुठल्या संस्थेने काय नेलं, कधी परत आणणार. गावातल्या मामाजींना आणि काकूंना यातलं किती माहिती आहे हे त्यांच्याशी बोलायला बसल्याशिवाय कळत नाही, कुठल्या वावरात पावसानंतर "ते जड गोटे" वर येतात हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, पीएचडी करायला येणारे विद्यार्थी पण शेवटी त्यांनाच विचारत फिरतात, आणि थीसिसमधे आभाराच्या पानावर "ग्रामस्थ" एवढाच शब्द येतो. वहीत त्यांची नावं येऊ द्या. बाहेरच्या अभ्यासकाला नमुने न्यायचे असतील तर समितीकडे नोंद करूनच, आणि त्याच्या अभ्यासातून जे निघेल ते मराठीत दोन पानात गावाला द्यायचं, ही अट फार मोठी नाही.

वस्तू ठेवायला वरोऱ्यात एक खोली हवी. मोठं म्युझियम नकोय मला आत्ता. गुजरातेत रैयोलीला २०१९ मधे डायनासोर म्युझियम झालं, लोक जातात, चांगली गोष्ट आहे, राजासॉरस नावाचा डायनासोर तिथल्याच मातीतला. आपल्याकडे पण कुणीतरी लगेच म्हणेल की चला आपण पण मोठा सिमेंटचा डायनासोर उभा करू, ताडोब्याला जाणारे पर्यटक थांबतील, आनंदवनाला येणारे थांबतील, सेल्फी काढतील. थांबतील पण. माझा पुतळ्याला विरोध नाही, पण तो पुतळा उभा करायला पायवा खोदताना खालचा थर जाणार असेल आणि पार्किंगसाठी चार एकर मुरूम टाकून दाबणार असाल तर मग जे दाखवायचं तेच गेलं. आधी जमीन, मग खोली, मग बाकीचं. त्या खोलीत कोप्रोलाइट असावेत, एक मायक्रोस्कोप असावा आणि फायटोलिथची स्लाइड, आयसीसॉरसच्या एखाद्या हाडाचा साचा कोलकात्याहून मागवून घ्यावा, आणि सांगायला गावातलीच दोन शिकलेली पोरं, पगारावर. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरगी त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून जेव्हा बघेल की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गवताचा खडा असा डंबेलसारखा दिसतो, तेव्हा तिला भूशास्त्र नावाचा विषय असतो हे कळेल. आमच्याकडे बारावी सायन्स झालेल्या पोरांना ते माहीतच नसतं, आणि राहतात कुठे, तर लमेटावर.

ग्रामसभेला पण दोन शब्द. दादा, भाऊ, ताई, हे पत्र मंडळाच्या नावाने असलं तरी तुमच्या ठरावाशिवाय यातलं काहीच पुढे जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. अटी तुम्ही घाला, माझ्या अटींपेक्षा कडक घाला. भरपाईचं लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका. आणि तोपर्यंत एवढंच करा, बाहेरचा कुणी पिशवी घेऊन वावरात फिरताना दिसला तर कोण, कुठला, काय नेतोय हे विचारा, आणि नांगराला काही मोठं लागलं तर ते उपटून काढू नका, फोटो काढा, जागेवर खूण करा, वर माती टाकून झाकून ठेवा. झाकलेलं सुरक्षित राहतं, ते इतकी वर्षं तसंच राहिलं.

मंडळाला शेवटची विनंती. ठरावाचा कच्चा मसुदा मी मराठीत लिहून ठेवलाय, ग्रामसभेपुढे ठेवायच्या आधी तुमच्या कायदा बघणाऱ्या माणसाने त्यावर एकदा नजर घालावी, विशेषतः भरपाईच्या आणि मुदतीच्या कलमांवर, कारण माझं शिक्षण भूशास्त्राचं आहे, कायद्याचं नाही. पाहणीला यायचं असेल तर कापूस निघून गेल्यावर आणि पेरणीच्या आधी या, मार्च ते मे, वावरं मोकळी असतात आणि मालक पण घरी भेटतात. ऊन फार असतं, सकाळी सातला वावरात पोहोचलो तर दहापर्यंत दोन्ही जागा बघून होतात. वरोऱ्याच्या बसस्टँडपासून मी सोबत येतो.

कळावे,
आपला,
वरोरा तालुक्यातला एक रहिवासी, भूशास्त्राचा जुना विद्यार्थी